ठाणे कोर्टातलं पहिलं वर्ष : फर्ममध्ये रुजू होणाऱ्या नव्या वकिलासाठी

कॉलेजात मूट कोर्ट गाजवलेली मुलं ठाण्याच्या फर्ममध्ये येतात. पहिल्याच आठवड्यात सिनियर त्यांच्या हातात फायलींची पिशवी देऊन सांगतात, "चार नंबरला मॅटर आहे, तारीख घेऊन या." चेहरे पडतात. पण जिल्हा कोर्टात काम करणाऱ्या फर्मचा मोठा वेळ याच कामात जातो: कोर्टात जे बोललं गेलं ते कागदावर आलं का, कसं आलं, कुठल्या तारखेनं आलं, हे बघण्यात. युक्तिवाद त्याच कागदावर उभा राहतो. मी बरीच वर्षं नवे ज्युनियर बघत आले आहे. लवकर तयार होतात ते या कामाला नाक न मुरडणारे.

१. रुजू होण्याआधी

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं की नावनोंदणीचं शुल्क ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावं लागतं. शंभर प्रश्न असतात, बेअर ॲक्ट (टिपांशिवायची कायद्याची पुस्तकं) जवळ ठेवता येतात, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. परीक्षा अवघड नाही. लोक ती पुढे ढकलतात आणि मग मुदत अंगावर येते.

पैशाचं आधीच बोलून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकात शहरी भागातल्या ज्युनियरला महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं आहे. हे सुचवणं आहे, सक्ती नाही. काही चेंबर्समध्ये अजूनही "शिकायला मिळतंय ना" याच्या पुढे गाडी जात नाही. दरमहा किती मिळणार, प्रवासाचे आणि झेरॉक्सचे पैसे कोण देणार, स्वतःची केस घेता येईल का, हे तीन प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला लाजू नका. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही असा बार कौन्सिलचा नियम असल्यामुळे फर्म तुम्हाला पगार म्हणून नाही, व्यावसायिक फी म्हणून पैसे देते आणि सहसा त्यातून दहा टक्के टीडीएस कापते. म्हणजे पहिल्या वर्षापासून तुमचं रिटर्न तुम्हालाच भरायचं आहे, आणि कापलेले पैसे परत मिळवायचे तर ते भरावंच लागतं.

कोट, बँड हवेतच. गाऊन नियमाप्रमाणे फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा आहे. उन्हाळ्यात जिल्हा कोर्टात काळ्या कोटाचीही सक्ती नाही, तरी कोट पिशवीत असू द्या.

२. कुठलं कोर्ट कुणाचं

ही गोष्ट कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि इथे रोज लागते. ठाणे जिल्हा व सत्र न्यायालय ठाणे पश्चिमेला, कोर्ट नाक्यावर. स्टेशनवरून चालत जाता येतं. कल्याण, भिवंडी, उल्हासनगरला वेगळी कोर्टं आहेत. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या लोकांचं बरंचसं काम सीबीडी बेलापूरच्या कोर्टात चालतं.

गंमत पुढे आहे. खारघरचा अशील "मी नवी मुंबईत राहतो" असं सांगतो, आणि नवा ज्युनियर दाव्याच्या मथळ्यावर बेलापूर कोर्ट टाकून मोकळा होतो. खारघर, कामोठे, कळंबोली हा पनवेल तालुका, जिल्हा रायगड; तिथलं काम पनवेल कोर्टात. मुलुंडचा टोलनाका ओलांडला की मुंबई, तिथली कोर्टांची रचनाच वेगळी. वसई-विरार १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, पण जुन्या कागदांवर ठाणे जिल्हाच लिहिलेला सापडेल, तेव्हा खरेदीखतावरचा जिल्हा वाचून कोर्ट ठरवू नका. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात ठाणे नाही. आपलं अपील मुंबईलाच.

चेक बाउन्सच्या केसमध्ये अशील राहतो कुठे हे गौण. त्याने चेक आपल्या खात्यात भरला असेल तर ते खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेवरून कोर्ट ठरतं. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाचं खातं वाशीच्या शाखेत असेल तर तक्रार बेलापूरला. म्हणून पहिल्याच भेटीत पासबुकाचं पहिलं पान मागून घ्या.

सकाळी ठाणे आणि दुपारी बेलापूर असं एका दिवसात करावं लागलं तर ठाणे स्टेशनचे नऊ-दहा नंबरचे प्लॅटफॉर्म पाठ होतील. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या तिथून सुटतात. पनवेल गाडी पकडा, वाशी नको.

३. फाइल मागून वाचा

फाइल हातात आली की दाव्याच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, बघा, तोही शेवटून. मागच्या तारखेला काय झालं? कुणाच्या सांगण्यावरून तारीख पडली? कोर्टाने "शेवटची संधी" असं लिहिलंय का? हे दोन शब्द असतील तर त्याच दिवशी सिनियरच्या टेबलावर जाऊन सांगा. तारखेच्या आदल्या रात्री सांगून उपयोग नाही.

मग निशाण्या. प्रत्येक कागदावर कोर्ट एक नंबर टाकतं, त्याला निशाणी म्हणतात. दिवाणी दाव्यात निशाणी १ म्हणजे दावा आणि निशाणी ५ म्हणजे बहुतेक वेळा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. म्हणूनच कोर्टात "पाच नंबरवर आर्ग्युमेंट आहे" असं नुसतं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. आपल्या ऑफिसच्या फायलीतल्या प्रत्येक कागदावर पेन्सिलने कोर्टाची निशाणी टाकून ठेवा. उलटतपासाच्या वेळी सिनियर हात मागे करून "सत्तावीस द्या" म्हणतात, तेव्हा पानं चाळायला वेळ नसतो.

शेवटी एका कागदावर तारीखवार घटना लिहा. करार कधी, पैसे कधी, नोटीस कधी, दावा कधी. एकच पान. बऱ्याच केसेसचं दुखणं त्या पानावर आपोआप दिसतं.

४. कोर्टातला दिवस

आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्स ॲपवर बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, बघून ठेवा. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, ठाण्याचा एमएचटीएचने सुरू होतो. ऑफिसच्या सगळ्या केसेस त्या ॲपमध्ये एकदाच भरून ठेवल्या की रोजचं काम निम्मं होतं. तरीही सकाळी कोर्टाबाहेर लावलेला बोर्ड डोळ्यांनी बघायचा. न्यायाधीश साहेब रजेवर आहेत, काम दुसऱ्या कोर्टाकडे दिलंय, हे तिथे आधी कळतं.

अकराच्या आत कोर्टरूममध्ये असा. पुकारा झाला आणि आपण नसलो तर वादीचा दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो, प्रतिवादीविरुद्ध एकतर्फा हुकूम होऊ शकतो. दावा परत लावून घ्यायला तीस दिवस मिळतात. त्यात अर्ज, प्रतिज्ञापत्र, समोरच्याचा विरोध, खर्च, असं पुढे वाढत जातं. दोन कोर्टांत एकाच वेळी पुकारा होणार असेल तर एका ठिकाणी आधीच उभं राहून पास ओव्हर, म्हणजे केस थोड्या वेळाने पुकारण्याची मुभा, मागा. कोर्टाच्या फायली सांभाळणाऱ्या शिरस्तेदारांना "भाऊसाहेब, आमचे सिनियर तीन नंबरला आहेत, जरा मागे ठेवाल का" असं सरळ विचारलं तर सहसा अडचण येत नाही. त्यांच्या टेबलावरची फाइल न विचारता उचलली तर मात्र येते.

आता मुदतीचा अर्ज. तोंडी "तारीख द्या" म्हणण्यावर भिस्त ठेवू नका. कायद्याने एका पक्षाला सुनावणी तहकुबीच्या तीनच मुदती आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतात, पण कारणावर. कारण खरं लिहा आणि त्याचा कागद जोडा: अशील रुग्णालयात असेल तर दाखल केल्याचा कागद, सिनियर उच्च न्यायालयात असतील तर तिथल्या बोर्डाची प्रत. समोरच्या वकिलांना प्रत द्या, त्यांचं "से" घ्या. "से" म्हणजे त्यांचं म्हणणं; "हरकत नाही" एवढं लिहून सही केली तरी काम झालं. उलट बाजूने, तुमच्याकडे आलेल्या अर्जावर "से" न देता तारखा जाऊ दिल्या तर कोर्ट तुमच्या म्हणण्याशिवाय अर्ज निकाली काढतं.

पुरसीस हा आणखी एक कागद. कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवायची असली की द्यायचा. दिसायला दोन ओळींचा असतो:

"वादीतर्फे पुरसीस देण्यात येते की, वादीस याउपर कोणताही तोंडी अथवा लेखी पुरावा देणे नाही. सबब वादीचा पुरावा संपला असे नोंदवण्यात यावे."

एवढ्या दोन ओळींनी केसचं एक अख्खं दार बंद होतं. नंतर साक्षीदार आठवला तर तो आत आणायला वेगळा अर्ज आणि वेगळं नशीब लागतं. कोर्टाने घाई केली, समोरचे वकील हसले, काहीही झालं तरी सिनियरना फोन केल्याशिवाय पुरावा संपल्याची, तडजोडीची किंवा दावा काढून घेण्याची पुरसीस द्यायची नाही. "सर, सूचना घेऊन सांगतो" हे वाक्य त्यासाठीच असतं.

निघण्याआधी पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, दोन्ही लिहून घ्या. डायरीत नुसतं "१२ ऑगस्ट" नको. "१२ ऑगस्ट, निशाणी ३४ वर आमचा से" असं हवं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोजनामा वाचा. तुम्ही प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली आणि रोजनाम्यात "प्रतिवादी गैरहजर" आलं असं क्वचित होतं, पण होतं. लगेच अर्ज दिला तर दुरुस्ती सोपी असते. सहा महिन्यांनी तीच गोष्ट कोर्टाला पटवणं कठीण.

५. मोजायच्या तारखा

नव्या माणसाकडे बहुतेक ठिकाणी आधी १३८च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या, केसेस येतात, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. चेक न वटता परत आल्याचं बँकेकडून ३ मार्चला कळलं. त्यापासून तीस दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत, नोटीस गेली पाहिजे. समजा आपण १५ मार्चला पाठवली आणि समोरच्याला ती २० मार्चला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, ४ एप्रिलपर्यंत. ५ एप्रिलला तक्रारीचं कारण घडलं, तिथून एक महिना. म्हणजे ५ मे शेवटची तारीख. ऑफिसच्या डायरीत मात्र २० एप्रिल लिहा. ४ एप्रिलच्या आत तक्रार टाकायची घाईही नको, ती अकाली ठरते.

यात दोन बारकावे. नोटिशीत मागितलेली चेकची रक्कम चेकशी रुपयानिशी जुळली पाहिजे. व्याज, खर्च मागायचा तर वेगळा दाखवा. आणि स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग रिपोर्ट नोटीस पोचल्याबरोबर छापून फायलीला लावा. काही महिन्यांनी वेबसाइटवर तो सापडत नाही, आणि साक्षीदार पिंजऱ्यात असताना नोटीस कधी मिळाली यावर वाद सुरू होतो.

दिवाणीत कैफियतीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवस, कारण दाखवून नव्वदपर्यंत. साध्या दाव्यात त्यानंतरही कोर्ट खर्च लावून परवानगी देऊ शकतं. व्यापारी दाव्यात तसं नाही. तीन लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद असेल तर १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो. त्यामुळे समन्स आलं की आधी दावा कुठल्या सदरात नोंदला आहे ते बघा. असाच दावा आपल्याला लावायचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीचा टप्पा करावा लागतो.

ठाण्यात निम्मं जग हाउसिंग सोसायट्यांमध्ये राहतं, त्यामुळे एक खास नोटीस लक्षात ठेवा. सोसायटीच्या कामकाजाशी संबंधित बाबीत तिच्यावर दिवाणी दावा लावायचा तर सहकार कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे रजिस्ट्रारला दोन महिन्यांची नोटीस लागते. सभासद आणि सोसायटी यांच्यातले बरेच वाद तर मुळात सहकार न्यायालयात जातात. सरकारविरुद्ध दाव्यालाही दोन महिन्यांची नोटीस आहेच.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला तीस दिवस आहेत, उच्च न्यायालयात नव्वद. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण तयार होऊन टेबलावर पडून राहिलेले दिवस वजा होत नाहीत. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ती बघायची सवय लावा. आपण जिंकलो असू तर नक्कल घेतानाच वरच्या कोर्टात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम करू नका अशी आगाऊ विनंती) टाकायचं का हे सिनियरना विचारा. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं.

६. मराठी आणि नवे कायदे

महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. इंग्रजीत शिकलेल्यांची इथे दमछाक होते. सातबारा, फेरफार, पंचनामा, पोलिसांसमोरचा जबाब, सगळं मराठीत, त्यातही सरकारी मराठीत. साक्षीदाराला इंग्रजी येत नसेल तर सरतपासाचं, म्हणजे आपल्याच बाजूने द्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करू नका. उलटतपासात समोरचे वकील पहिलाच प्रश्न विचारतील, "यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का?" आणि साक्षीदार प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल.

उलटतपासाची भाषाही ठरलेली आहे. "हे म्हणणे बरोबर आहे की, करारावर माझी सही आहे. हे म्हणणे खोटे आहे की, मी पैसे रोख घेतले." प्रश्न आणि उत्तर मिळून असं एक वाक्य साक्षीत टाइप होतं. दुपारी कोर्टात बसून दुसऱ्यांच्या केसमधले उलटतपास ऐका आणि ही वाक्यं मनात जुळवा. माझ्या मते पहिल्या वर्षाचं सगळ्यात चांगलं शिक्षण हेच, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या साक्षीदाराची साक्ष टाइप होत असताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. "नाही" गळालं तर सही व्हायच्या आधी उठून सांगा.

फौजदारीत १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू आहेत. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, तेव्हा टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुराव्यात द्यायचे तर जुन्या साक्ष कायद्यातल्या ६५-ब ऐवजी आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलची संगणकाने काढलेली ओळखखूण) लिहावी लागते. अशिलाला पहिल्याच दिवशी सांगा, मोबाइल बदलू नका, विकू नका.

७. अशील

अशील तुम्हाला "वकीलसाहेब" म्हणेल आणि सिनियर आत गेले की हळूच विचारेल, "आपण जिंकू ना?" याला उत्तर देऊ नका. पुढच्या तारखेला काय होणार एवढं सांगा. "जिंकलो की दहा टक्के तुमचे" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, निकालावर टक्केवारी घेणं वकिलाला मना आहे. कोर्ट फीचे पैसे घेतलेत तर पावती द्या. मूळ कागद शक्यतो घेऊ नका. घेतलेत तर यादीवर दोघांच्या सह्या. आणि अशील समोर नसताना त्याच्या प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का मारून आणायला कुणी सांगितलं, अगदी सिनियरनी सांगितलं, तरी नको. सनद तुमच्या नावावर आहे.

८. परीक्षा आणि फर्म बदलणं

बरेच जण न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी येतात. २० मे २०२५च्या निकालाने त्यासाठी पुन्हा तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली आहे. ती सनदेच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, आणि किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं न्यायाधीशांनी पुष्टी दिलेलं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा वकीलपत्रावर सिनियरच्या नावाखाली तुमचंही नाव येऊ द्या, आणि रोजनाम्यात तुमची हजेरी लागते का बघत राहा. क्लासला बसून वर्षं काढलेल्याला ते प्रमाणपत्र द्यायला कुणी पटकन तयार होत नाही.

फर्म सोडताना प्रत्येक फायलीची पुढची तारीख, तिचं कारण आणि आपल्याकडे असलेले कागद यांची यादी करून सही घ्या. ज्या केसेसमध्ये फक्त तुमचंच वकीलपत्र आहे तिथे नव्या वकिलाला नाहरकत लिहून द्या. एखादा अशील तुमच्याबरोबर यायचं म्हणाला तर आधी त्याला सिनियरशी बोलू द्या. ठाण्याची बार रूम एवढी मोठी नाही की हे लपून राहील.